भिंतीपलीकडचा वीरेश

अमरेश जहाजावरून परत आला आणि महादेवप्पांच्या घरातल्या कड्या लागायच्या बंद झाल्या. थंडी असो, वारा असो, पुढचं दार सताड उघडं. न्हाणीचं दारही तो नुसतं लोटून ठेवायचा, म्हणून त्याच्या आईने, उमाबाईंनी, तिथे जुन्या लुगड्याचा पडदा टांगला. कुणी चुकून खोलीचं दार ओढून घेतलंच तर अमरेश उठायचा, दार उघडायचा आणि पुन्हा जागेवर येऊन बसायचा. तेवढ्या वेळात त्याच्या कपाळावर घाम आलेला असायचा.

लातूरच्या गंजगोलाईत महादेवप्पांचं भांड्यांचं दुकान. घराण्यात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. नळाला पाणी कधी येईल याची वाट बघण्यात ज्या गावाचा जन्म गेला, त्या गावचं पोरगं पाण्यावर नोकरी करणार म्हटल्यावर सोयऱ्यांनी हसून घेतलं होतं. बारावीनंतर अमरेशने कोर्स केला, मुंबईच्या एका एजंटाने जहाज मिळवून दिलं आणि दुसऱ्याच फेरीत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बंदूकवाल्यांनी ते जहाज धरलं. पुढचं घरच्यांना तुकड्यातुकड्याने कळलं. खलाशांना कोंडून ठेवलं होतं. जहाज बुडायला लागलं. तिथल्या कोळ्यांनी होड्या घालून काही जणांना वाचवलं, त्यांत अमरेश होता. बाकीचे बेपत्ता. त्या बाकीच्यांत देगलूरचा वीरेश होता.

वीरेश आणि अमरेश कोर्सला एकत्र होते आणि जहाजावरही एकत्रच चढले. दोघेही लिंगायत, दोघांच्याही गळ्यात इष्टलिंग, आणि अख्ख्या जहाजावर मराठी बोलणारे हे दोघेच. अमरेश घरी व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा वीरेश मागून डोकं घालून म्हणायचा, "मावशी, ह्याला धपाटे करून देऊ नका, मला द्या. हा वाटून खात न्हाई." जहाजावर चढायच्या आधीच्या वैशाखात त्याचं लग्न झालं होतं. उमाबाई त्या लग्नाला देगलूरला जाऊन, अक्षता टाकून आल्या होत्या.

वीरेशची आई शिवकांताबाई. नवरा मागेच गेलेला, एकुलता एक मुलगा. अमरेश परत आल्याचं कळल्यापासून त्या सारख्या फोन करायच्या.

"उमाबाई, अमरेश काही बोलला का हो माझ्या वीरेशचं?"

"न्हाई अक्का. अजून झोपच लागंना त्याला. बोलला की सांगते."

सुरुवातीला उमाबाई घटका घटका बोलत. मग कुकरची शिट्टी झाली, दारात कुणी आलं, अशी कारणं सांगू लागल्या. पुढे पुढे तर फोन वाजत राहिला तरी त्या नुसत्या बघत बसायच्या. त्यांना भीती वाटत होती, आणि ती कशाची हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आपला आला, त्यांचा नाही आला. का नाही आला? भाकरी थापताना मध्येच त्यांच्या डोळ्यांपुढे एक होडी यायची. होडीत जागा एकाचीच, पाण्यातून वर आलेला एक हात, आणि अमरेश... तिथे त्या स्वतःलाच खडसावायच्या, तवा खाली उतरवायच्या आणि काहीतरी घासायला घ्यायच्या. पोराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. म्हणूनच त्या विचारत नव्हत्या.

पौषातल्या एका दुपारी अमरेश म्हणाला, "अव्वा, पिक्चर बघाय चलतीस का?"

उमाबाईंना इतका आनंद झाला की कोणता पिक्चर हेही त्यांनी विचारलं नाही. पोरगं आपणहून उंबऱ्याबाहेर निघालं होतं. त्यांनी ट्रंकेतली इरकली साडी काढली, महादेवप्पांना दुकानात फोन करून सांगितलं आणि निघाल्या.

थेटरात गर्दी नव्हती. मागच्या रांगांत कॉलेजची पोरं होती, पुढे सगळं रिकामं. अमरेशने दाराजवळच्या खुर्च्या धरल्या. पडद्यावर चिनी माणसं हिंदीत बोलायला लागली तेव्हा उमाबाईंना गंमतच वाटली. बेटावरचं एक गाव, वाळत घातलेली जाळी, एकमेकांना ओरडून बोलणारे कोळी, भात शिजवणारी एक म्हातारी. मग कळलं की काळ लढाईचा आहे. बेटावर जपानी शिपाई आले. आणि मग समुद्रात एक मोठं जहाज दिसलं. त्या जहाजाच्या पोटात गोरे कैदी मेंढरांसारखे खच्चून भरलेले होते. जहाजाला कशाचा तरी तडाखा बसला, पाणी आत यायला लागलं. वरच्या शिपायांनी काय करावं? त्या तळघराच्या तोंडावर त्यांनी फळ्या टाकल्या, फळ्यांवर ताडपत्री ओढली आणि दोर आवळून बांधले.

आपण कशाला आलो आहोत हे उमाबाईंना तेव्हा कळलं.

"अमर, चल. मला मळमळायलंय."

"बस, अव्वा."

"चल म्हणते ना मी."

"बगू दे मला."

अंधारात त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो खुर्चीच्या कडेवर पुढे वाकून बसला होता. पडद्यावर फळ्यांच्या फटींतून बोटं वर येत होती. खालून किंकाळ्या, वरून बुटांचे आवाज, पाण्याचा घो घो. उमाबाईंनी डोळे मिटले तर आवाज दुप्पट मोठा झाला. डोळे उघडले तर ती बोटं. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला. पडद्यावरच्या प्रत्येक माणसाला त्यांच्या अमरेशचं तोंड होतं.

मग त्यांना आणखी एक आवाज ऐकू आला, अगदी कानाजवळून. अमरेश खुर्चीच्या दांडीवर बोटाच्या पेराने ठोकत होता. ठक, ठक. थांबून पुन्हा ठक. आपण ठोकतो आहोत हे त्याचं त्याला माहीत नव्हतं. उमाबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

मध्यंतराला दिवे लागले. पोरं समोसे आणायला धावली. अमरेश तसाच बसून म्हणाला, "ह्याच्यात आवाज लई हाय. तिथं येवढा आवाज नव्हता."

"कुठं?" उमाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"तिथं," तो म्हणाला.

दुसऱ्या भागात कोळी आपल्या होड्या घेऊन निघाले. वरून गोळ्या, खाली लाटा, आणि ही माणसं बुडणाऱ्यांना केसांना, कॉलरला, हाताला येईल तिथे धरून आत ओढत होती. मागच्या पोरांनी शिट्ट्या घातल्या. काही कैद्यांना तर कोळ्यांनी बेटावरच्या कपारीत लपवून ठेवलं, शिपायांच्या नाकावर टिच्चून त्यांना भात नेऊन घातला. तेव्हा टाळ्या पडल्या. अमरेशने टाळी वाजवली नाही. डोळेही पुसले नाहीत. सगळी नावं वर सरकून पडदा पांढरा होईपर्यंत तो बसून राहिला.

बाहेर ऊन कलतं झालं होतं. थेटरासमोरच्या चहाच्या गाड्यापाशी एक बाकडं होतं, तिथे दोघं बसली. चहा आला, त्यावर साय धरली, तरी कुणी पेल्याला हात लावला नाही.

"आमाला दोन जागी कोंडलं होतं," अमरेश रस्त्याकडे बघत म्हणाला. "मी वरच्या गोदामात. दोरखंड, रंगाचे डबे असतेत तिथं. वीरेश पलीकडं, जरा खाली, इंजनाच्या अंगाला. मधी पोलादाची भिंत. बोललेलं ऐकू येत नव्हतं. त्यानं ठोकलं की मी ठोकायचो. मी हाय, तू हायस, येवढंच."

उमाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"मग त्या बंदूकवाल्यांचं आपसात बिनसलं. गोळ्या झाल्या. जहाज खडकावर चढलं. दारं तशीच बंद ठेवून ते होडीत बसून गेले. पाणी खालून चढत होतं, अव्वा. खालून."

"शिवा शिवा."

"तो ठोकत होता. आदी लई जोरात. मग भराभरा. मग थांबून थांबून. मी इकडून ठोकून राहिलो, ठोकून राहिलो..." त्याने पेला उचलला, परत ठेवला. "कोळी त्याच्यानंतर आले. त्यायनी कुऱ्हाडीनं आमची कडी तोडली. मी खुणा केल्या, खाली माणसं हायत, खाली. त्यायची बोली मला येईना, माझी त्यायला. एक म्हातारा माझ्यासंगं जिना उतरला. पाणी छातीला लागलं. खालचं दार पुरं पाण्यात. त्या म्हाताऱ्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं भिंतीवर ठोकलं, आन् कान लावला. लई वेळ कान लावून उभा होता. वरून त्याचे लोक वरडायलेत, बंदूकवाल्यांची होडी परत फिरली होती, पर तो हलंना. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली. आन् मला कॉलरला धरून वर वढत नेलं."

एवढं ऐकून उमाबाईंना पहिल्यांदा काय वाटलं असेल? छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. आपल्या पोराने कुणाचा हात सोडला नव्हता. आणि दुसऱ्या क्षणी त्यांना स्वतःचीच शिसारी आली. एका आईचं लेकरू पाण्याखाली ठोकत ठोकत गप्प झालं होतं आणि आपण सुटकेचा श्वास टाकत होतो.

"कंपनीला सांगितलंस हे?"

"दिसला न्हाई म्हणलो. दिसला न्हाईच की."

"मग झालं तर. आता कुणापाशी बोलू नको."

"मला देगलूरला जायचंय, अव्वा," अमरेश म्हणाला.

घरी महादेवप्पांनी सगळं ऐकून घेतलं. कपाळाची विभूती पुसली जाईल इतक्या जोरात त्यांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. बेपत्ता म्हणलं की ती बाई आशेवर दोन घास खाती. तू कामून तिचा जीव घ्यायलास?"

"तिथं वर्षाराणी पण हाय, अप्पा."

वर्षाराणी म्हणजे वीरेशची बायको. उदगीरच्या माहेरची माणसं तिला न्यायला दोनदा येऊन गेली होती. नर्सिंगचं शिक्षण अर्धं टाकून ती लग्न होऊन आली होती, ते पुरं कर, असं ती माणसं म्हणत होती. शिवकांताबाईंनी पाठवलं नाही. वीरेश आला तर दारात कोण उभं राहील, म्हणाल्या. हे त्यांनीच फोनवर उमाबाईंना सांगितलं होतं, आणि उमाबाई "हाव, खरंय" म्हणाल्या होत्या.

महादेवप्पांनी पुन्हा अडवलं नाही. उमाबाई मात्र रात्रभर घोकत राहिल्या: जाऊ द्यायचं नाही. पण एकट्याला जाऊ देण्यापेक्षा आपण बरोबर असलेलं बरं. वाटेत समजावू. तिथे गेल्यावर वेळ बघून आवरू. असा विचार करून सकाळी त्यांनी पिशवीत धपाटे बांधले आणि लेकाबरोबर बसस्टँड गाठलं.

उदगीरपर्यंत त्या बोलत होत्या. "नुसतं भेटून यायचं. पाया पडायचं. इचारलं तर दिसला न्हाई म्हणायचं. खोटं कुठं हाय त्याच्यात?" अमरेश खिडकीची काच उघडी ठेवून वारा घेत होता. उदगीर सुटलं, बसमधली बोली बदलली, कानडी-तेलुगूचे शब्द कानावर यायला लागले, आणि उमाबाईंचं समजावणं तिथेच सुटलं. ही बस मध्येच बंद पडावी असं त्यांना वाटू लागलं. पंक्चर व्हावं, रस्ता अडावा, काहीही व्हावं. बस अगदी शहाण्यासारखी चालत राहिली.

देगलूरच्या बाजारामागच्या गल्लीत शिवकांताबाईंचं बसकं घर. दारातच त्यांनी अमरेशचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. बाई निम्म्या झाल्या होत्या. हातांच्या काड्या, पण डोळे मात्र लखलखीत.

"आलास बाबा. तू आलास म्हणजे तो बी वाटंवर असंल. वर्षे, पाणी दे गं पाहुण्यांना."

वर्षाराणी पाणी घेऊन आली. मनगटभर हिरव्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि चेहरा मात्र आजाऱ्यासारखा. तिने अमरेशकडे एकदा पाहिलं. ते पाहणं उमाबाईंना झेपलं नाही, त्यांनी मान खाली घातली.

जेवायला भाकरी, कारळाची चटणी आणि सांडग्यांची आमटी होती. वीरेशला आवडते म्हणून त्या घरात आठवड्यातून दोनदा सांडग्यांची आमटी व्हायची. शिवकांताबाई स्वतः जेवत नव्हत्या. अमरेशच्या ताटापाशी बसून त्याच्याकडे बघत होत्या.

"एक पिक्चर आलाय," त्या म्हणाल्या. "शेजारच्या मंजुश्रीनं फोनवर दाखिवला. चीनचा हाय. बगितलास?"

अमरेशचा घास हातातच राहिला.

"त्यात बग, जहाज बुडतंय, आन् कोळी लोकं येऊन पोरांला वाचवतेत. सरकार म्हणतंय समदे मेले. पर काही पोरं कपारीत लपवलेली असतेत! कुणाला पत्ता न्हाई. मी दोनदा बगितला. वर्षीला बी दाखिवला. माझ्या वीरेशला बी असंच कुणी ठेवलं असंल. भाषा येत न्हाई लेकराला, फोन तरी कसा करंल? तू तिथं होतास. तू सांग मला. कोळ्यांनी नेलं असंल की न्हाई?"

चुलीपाशी वर्षाराणीचा हात थांबला होता.

उमाबाईंनी पदराआडून अमरेशचा गुडघा दाबला. तो बोलायच्या आत त्याच घाईघाईने म्हणाल्या, "हाव अक्का, असंल की. देव हाय. कुणी ना कुणी नेलं असंल."

अमरेशने आईकडे पाहिलं. रागाने नाही. पाण्यात असलेला माणूस काठावरच्याकडे बघतो तसं पाहिलं. मग ताटात हात धुतला आणि सांगायला लागला. थेटरासमोर सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने. गोदाम, भिंत, ठोकणं, पाणी. म्हाताऱ्याची कुऱ्हाड, म्हाताऱ्याचा कान, म्हाताऱ्याची टोपी.

तो थांबला.

शिवकांताबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या म्हाताऱ्याला नीट ऐकू येत होतं का?"

"मावशी..."

"म्हातारा होता म्हणलास ना. आमच्या मामंजींना शेवटी शेवटी कानाशी हलगी बडवली तरी ऐकू येत नव्हती. आन् पाण्याचा आवाज असंल तिथं."

"मी पण कान लावला होता, मावशी."

"तुजे कान भरलेले असतील पाण्यानं. दुसऱ्या होड्या होत्या?"

"होत्या."

"मग दुसऱ्या होडीनं काढलं असंल. पलीकडच्या अंगानं."

"त्या खोलीला दुसरं दार नव्हतं, मावशी. जे होतं ते उघडलंच न्हाई."

शिवकांताबाई उठल्या. एवढ्याशा काठीसारख्या बाईत एवढं बळ कुठून आलं देव जाणे. त्या तीरासारख्या पुढच्या दाराशी गेल्या, दोन्ही फळ्या ओढल्या, वरची कडी घातली, खालची घातली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. खोलीत एकदम अंधार झाला. खिडकी होती ती पोत्यांच्या थप्पीमागे.

"जिता हाय म्हण," त्या म्हणाल्या. "जिता हाय म्हणल्याबिगर मी तुला भाईर सोडणार न्हाई."

अमरेश उभा राहिला. दोन पावलं दाराकडे गेला आणि थांबला. त्याचा श्वास उमाबाईंना ऐकू येऊ लागला, चाळणीतून वारा ओढल्यासारखा. त्याने भिंतीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"अक्का, दार उघडा. त्याला कोंडलेलं सोसत न्हाई."

"माझ्या लेकराला सोसलं का?"

"अक्का, पाया पडते तुमच्या. त्याचा जीव जाईल."

"म्हण म्हणा त्याला. जिता हाय म्हण!"

अमरेश जमिनीवर बसला आणि त्याची बोटं फरशीवर ठोकायला लागली. ठक ठक. ठक. उमाबाईंनी शिवकांताबाईंचा दंड धरून ओढला, पण त्या दाराला खिळ्यासारख्या रुतल्या होत्या. आपलं लेकरू आफ्रिकेतून वाचून आलं ते देगलूरच्या या खोलीत जाणार, असं उमाबाईंना त्या क्षणी खरोखर वाटलं. त्या ओरडल्या. काय ओरडल्या ते त्यांनाही नंतर आठवलं नाही.

तेवढ्यात चुलीपासून वर्षाराणी आली. धावत नाही, चालत आली. तिने सासूचे दोन्ही हात धरले, त्यांना दारापासून बाजूला केलं, जसं झोपेत चालणाऱ्या माणसाला करावं तसं. खालची कडी काढली. वरची काढली. दाराच्या दोन्ही फळ्या तिने भिंतीपर्यंत लोटल्या आणि दुपारचं ऊन धाडकन आत पडलं.

"जावा तुमी भाईर," ती अमरेशला म्हणाली. "आत्याबाई, बस झालं आता."

अमरेश कसाबसा पायरीवर येऊन बसला. गल्लीतली दोन-चार माणसं ओरडा ऐकून जमली होती. वर्षाराणीने त्यांना "काही न्हाई, जावा" म्हणून वाटेला लावलं. मग ती अमरेशजवळ थांबली. उमाबाई उंबऱ्यात होत्या, त्यांना सगळं ऐकू आलं.

"लई वेळ ठोकत होते का ते?"

"हाव."

"तुमी उत्तर देत होताव?"

"शेवटपतूर."

"बरं," वर्षाराणी म्हणाली. तिने बांगड्या मागे सारल्या, तांब्यातलं पाणी त्याच्यापुढे ठेवलं आणि आत गेली. आतल्या खोलीत जाऊन ती रडली असेल. आवाज मात्र बाहेर आला नाही.

उमाबाईंच्या हातात पिशवी होती. निघायला काहीच हरकत नव्हती. पोरगं बाहेर, रस्ता समोर, बसस्टँड हाकेवर. त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. मागे शिवकांताबाई भिंतीशी बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर पडलेला, विरळ केस मोकळे. मघाचं बळ कुठल्या कुठे गेलं होतं. त्या उमाबाईंकडे बघत म्हणाल्या, "तुजा आला."

हेच. इतके महिने फोन न उचलता उमाबाई ज्या शब्दांपासून पळत होत्या ते हेच दोन शब्द.

"तुजा आला ना गं."

उमाबाईंनी पिशवी खाली ठेवली. आत जाऊन त्या शिवकांताबाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"हाव अक्का," त्या म्हणाल्या. "माझा आला."

शिवकांताबाईंनी त्यांच्या खांद्यावर मूठ मारली. मग आणखी एक. मुठीत काही जोर नव्हता. उमाबाई हलल्या नाहीत. मारता मारता ती मूठ उमाबाईंच्या पदरात अडकली, आणि पदर धरूनच शिवकांताबाईंनी हंबरडा फोडला. तो आवाज ऐकून पायरीवरचा अमरेश उठून उभा राहिला, पण आत आला नाही. उमाबाईंनी त्याला हातानेच थांब म्हटलं.

शेवटची बस जायच्या वेळेला दोघं मायलेकरं निघाली. शिवकांताबाई दारापर्यंत आल्या नाहीत.

पुढचा महिना उमाबाईंनी जीव मुठीत धरून काढला. बाई काही बरंवाईट करून घेतील, आणि ते पाप आपल्या घरावर येईल, ही नवी भीती. आता देगलूरहून फोन यायचा नाही, तर तो का येत नाही म्हणून त्या फोनकडे बघत बसायच्या. शेवटी वर्षाराणीनेच फोन केला. देगलूरच्या मठातले स्वामी येणार होते. देह नव्हता, तर वीरेशच्या कपड्यांना विभूती लावून समाधी देऊ, असं ते म्हणाले होते, आणि शिवकांताबाईंनी नाही म्हटलं नव्हतं. अमरेशला बोलवा, असंही त्या म्हणाल्या होत्या. त्या कार्याला महादेवप्पाही गेले. कार्य झाल्यावर वर्षाराणी माहेरच्या माणसांबरोबर उदगीरला गेली. नर्सिंगचा नवा वर्ग सुरू व्हायचा होता. जाताना ती सासूच्या पाया पडली, तेव्हा शिवकांताबाईंनी तिला स्वतःच्या हाताने धपाटे बांधून दिले.

अमरेश आता दुकानात बसतो. पुन्हा जहाजावर जाईन असं तो कधीमधी म्हणतो आणि उमाबाई लगेच दुसराच विषय काढतात. ती भीती काही त्यांना सोडत नाही. रात्री कुठे काही वाजलं, उंदराने डबा पाडला तरी, त्या उठून त्याच्या खोलीत डोकावून येतात.

शिवकांताबाईंचा फोन येतो. रोज नाही, पण येतो, आणि उमाबाई तो पहिल्याच घंटीला उचलतात. परवा शिवकांताबाई म्हणाल्या, "उमाबाई, त्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं हो?"

"ठाव न्हाई, अक्का. अमरला बी ठाव न्हाई. त्यायची बोलीच कळत नव्हती ना."

"विचारून घ्यायला पायजे होतं," शिवकांताबाई म्हणाल्या. "सोमवारी बेल वाहताना नाव घेतलं असतं."